जर्मनीतलं स्वयंसेवेचं वर्ष संपताना: निरोपाची कामं, ओळीने

जर्मनीत एफएसजे किंवा बीएफडी, म्हणजे वर्षभराची सामाजिक स्वयंसेवा, करणाऱ्या बहुतेकांचं वर्ष ३१ जुलैला नाहीतर ३१ ऑगस्टला संपतं. येताना व्हिसा, करार, पत्त्याची नोंदणी या सगळ्यासाठी कुणीतरी बोट धरून नेतं. जाताना मात्र सगळे धरून चालतात की तुम्हाला आता इथलं सगळं कळतं. मग शेवटचा आठवडा नगरपालिकेच्या दारात आणि बँकेच्या फोनवर जातो, आणि ज्या आजी-आजोबांबरोबर किंवा पोरांबरोबर वर्ष काढलं त्यांच्याशी धड बोलणंही होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: कागद आधी, माणसं शेवटी. शेवटच्या आठ दिवसांत पत्ता रद्द करण्याचं एक काम सोडून दुसरा कुठलाही अर्ज बाकी नको. ते काम मुद्दाम शेवटीच येतं, कारण खाली येईलच.

१. आधी पक्कं करा: परत जाताय की थांबताय

पुढे नर्सिंगची किंवा दुसरी आउसबिल्डुंग, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण, जर्मनीतच करायची असेल, तर हा लेख अर्धाच तुमच्या कामाचा. तुमचा राहण्याचा परवाना स्वयंसेवेपुरता दिलेला असतो, तो आपोआप पुढे सरकत नाही. आउसबिल्डुंगचा करार हातात आला की परवाना संपायच्या आत आउसलेंडरबेह्योर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज गेला पाहिजे. मुदतीत अर्ज केलात तर निर्णय होईपर्यंतच्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो. एक दिवस जरी उशीर झाला तरी प्रकरण किचकट होतं. अशांनी पत्ता रद्द करायचा नाही, विमाही तोडायचा नाही.

परत जाणाऱ्यांनी आजच परवान्याच्या कार्डावरची तारीख बघावी. सेवा संपल्यावर 'दहा दिवस पॅरिस, ॲमस्टरडॅम करून येऊ' असा बेत सगळ्यांचाच असतो. त्यातला प्रत्येक दिवस त्या तारखेच्या आत बसला पाहिजे. भारतीय पासपोर्टला शेंगेनमध्ये व्हिसाशिवाय एकही दिवस मिळत नाही. दुसरी गोष्ट विम्याची: सेवेमुळे मिळालेलं सरकारी आरोग्य विम्याचं सदस्यत्व सेवेच्या शेवटच्या दिवशी संपतं. त्यानंतर फिरणार असाल तर त्या दिवसांचा प्रवास विमा वेगळा काढा, आणि क्रांकेनकासे म्हणजे आपल्या विमा संस्थेला 'या तारखेपर्यंत मला काय मिळेल' असं लेखी विचारून ठेवा. फोनवर मिळालेलं उत्तर नंतर दाखवता येत नाही.

२. तीन महिने आधी: घर, रजा आणि महिन्याचे हप्ते

*घर.* संस्थेनेच दिलेल्या खोलीत राहत असाल तर बहुतेक वेळा सेवेबरोबर खोलीचा करारही संपतो. तरी करार एकदा वाचा. स्वतः भाड्याने घेतली असेल तर भाडेकरूला साधारणपणे तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, आणि पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडायला हवं. ३१ ऑगस्टला खोली सोडायची असेल तर पत्र जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पोचलं पाहिजे. ते कागदावर, शाईच्या सहीने. ईमेल किंवा व्हॉट्सॲप कायद्याने चालत नाही, मालक कितीही गोड बोलत असला तरी. पत्र स्वतः नेऊन द्या आणि एका प्रतीवर 'मिळालं' म्हणून सही घ्या, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

*रजा.* न घेतलेल्या रजेचे पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. रजा सेवाकाळातच संपवायची असते. रजा शेवटाला लावली की तुमचा कामाचा शेवटचा दिवस कराराच्या शेवटच्या दिवसाच्या दोन-तीन आठवडे आधी येतो. निरोप त्या दिवशीचा. हे गणित चुकलं की केक ठरतो एका तारखेला आणि ड्युटी संपलेली असते आधीच. शेवटचं सेमिनारही या काळातच येतं. ते सेवेचाच भाग आहे, रजा टाकून चुकवता येत नाही.

*हप्ते.* मोबाइल, जिम, डॉइचलांडटिकेट (देशभरातल्या स्थानिक बस-रेल्वेचा मासिक पास), इंटरनेट, एखादं ॲप. बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेपुढे खूण करा. डोक्यातल्या यादीत नेहमी एक-दोन गोष्टी सुटतात. डॉइचलांडटिकेट महिनाअखेरीला बंद करायचं असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं; ११ तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे पैसे गेले. ऑनलाइन घेतलेल्या करारांसाठी कंपनीच्या संकेतस्थळावर रद्द करण्याचं बटण असणं २०२२ पासून बंधनकारक आहे. ते दाबल्यावर येणारी पोच जपून ठेवा.

मोबाइल नंबर मात्र सगळ्यांत शेवटी बंद करायचा. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, विमा संस्थेचं खातं त्याला जोडलेलं असतं. आधी बँकेत जाऊन ओटीपी एसएमएसऐवजी ॲपवर घ्या, ते ॲप भारतात वापरायच्या फोनवर चालू आहे याची खात्री करा, आणि मगच सिमचा विचार करा.

३. सहा आठवडे आधी: त्सॉइग्निस मागा

सेवा पूर्ण केल्याचा दाखला आणि कामाचं त्सॉइग्निस हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला सगळ्यांनाच मिळतो. त्यात फक्त 'इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत सेवा केली' एवढंच असतं. तुम्ही काय काम केलं, कसं केलं, वागणूक कशी होती हे लिहिलेलं सविस्तर त्सॉइग्निस मागावं लागतं. लिहिणारी व्यक्ती बहुधा तुमच्याच वॉर्डाची प्रमुख असते. ऑगस्टमध्ये तीही सुट्टीवर जाते. म्हणून सहा आठवडे आधी, लेखी.

मागताना आपल्या कामांची यादी सोबत द्या. अंघोळ घालायला मदत, जेवण भरवणं, चाकाच्या खुर्चीतून फिरायला नेणं, दुपारचे खेळ, किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत असाल तर जेवणाची वेळ, झोपेची वेळ, बागेतली देखरेख. तुम्ही दिली नाही तर 'रोजच्या कामात मदत केली' अशी एक ओळ येईल, आणि आउसबिल्डुंगच्या अर्जात तिचा फारसा उपयोग नसतो.

हातात आल्यावर वाचायचं कसं हे महत्त्वाचं. जर्मन त्सॉइग्निसमध्ये वाईट कुणी उघड लिहीत नाही, सगळं छानच दिसतं. खरा शेरा एका ठरावीक वाक्यात असतो:

- 'श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट' : उत्तम, पहिली श्रेणी
- 'श्टेट्स त्सू उन्झरर फोलन त्सुफ्रीडनहाइट' : चांगलं, दुसरी
- 'श्टेट्स' गाळून नुसतं 'त्सू उन्झरर फोलन त्सुफ्रीडनहाइट' : ठीक, तिसरी
- 'त्सू उन्झरर त्सुफ्रीडनहाइट' : जेमतेम, चौथी

'बेम्युट', म्हणजे प्रयत्न केला, असा शब्द आला तर जमलं नाही असा अर्थ घेतात. शेवटी आभार आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा असाव्यात. ती ओळ नसली तर वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात. पुष्कळदा लिहिणाऱ्याने घाईत जुना मजकूर उचललेला असतो, मनात काही नसतं. तेव्हा शांतपणे जाऊन 'हे वाक्य असं करता येईल का' असं विचारा. यात आगाऊपणा नाही, जर्मन सहकारीही हेच करतात.

नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख, दोन्ही तारखा, संस्थेच्या लेटरहेडवर सही, हे तिथेच बसून तपासा. मराठी नावांत वडिलांचं नाव मध्येच गळतं किंवा आडनावाच्या जागी जाऊन बसतं. भारतात गेल्यावर दुरुस्ती मागवणं म्हणजे दोन महिने गेलेच.

याच काळात आणखी एक कागद: पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा दुसऱ्या देशाच्या व्हिसासाठी जर्मनीतला पोलिस दाखला लागू शकतो. पत्ता नोंदलेला असताना तो नगरपालिकेत १३ युरो भरून सहज निघतो. भारतातून काढायचा तर सही साक्षांकित करून घेण्यापासून सुरुवात.

४. माणसांना कधी आणि कसं सांगायचं

सहकाऱ्यांना तुमची तारीख माहीत असते. प्रश्न असतो ज्यांची सेवा केली त्यांचा.

*किटातली मुलं.* दोन आठवडे आधी पुरे. महिनाभर आधी सांगितलं तर तीन-चार वर्षांच्या मुलाला ती तारीख कळत नाही, आणि रोज सकाळी 'आज जाणार का' हा प्रश्न सुरू होतो. जर्मनीत मुलांना दिवस झोपेने मोजून सांगतात: अजून पाच वेळा झोपायचं. रंगीत कागदाच्या कड्यांची साखळी करून गटाच्या खोलीत टांगा आणि रोज सकाळी एक कडी एका मुलाला काढू द्या. आधी गटाच्या शिक्षिकेशी बोला, कारण पालकांना त्याच दिवशी कळायला हवं. 'मी दर सुट्टीत येईन' असं वचन देऊ नका. मुलं ते मोजतात.

*आल्टनहाइममधले, म्हणजे वृद्धाश्रमातले आजी-आजोबा.* ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांना तीन-चार आठवडे आधी, एकट्याला, खाली बसून सांगा. जेवणाच्या खोलीत सगळ्यांदेखत नको. अनेकांनी दर उन्हाळ्यात एक स्वयंसेवक जाताना पाहिलेला असतो. त्यांना समजूत घालणारं भाषण नको असतं. दुपारी कोण पत्ते खेळायला येईल हे हवं असतं. ते विचारून ठेवा आणि नाव सांगा.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचं वेगळं. त्यांना आठवडे आधी सांगून फक्त अस्वस्थता वाढते. शेवटच्या एक-दोन दिवशी, सकाळच्या चांगल्या वेळात, हातात हात घेऊन, दोन छोट्या वाक्यांत. 'मी आठवेन ना?' हा प्रश्न कधीच नाही. त्यांना आठवणार नसतं, आणि आठवत नाही हे मात्र जाणवतं. सांजवेळी अनेकांची घालमेल वाढते, तेव्हा निरोप घेऊ नये. त्या व्यक्तीची मुख्य जबाबदारी ज्या परिचारिकेकडे आहे तिला आधी विचारा. काहींच्या बाबतीत ती 'न सांगता जा' म्हणेल, आणि तिचं ऐकावं.

तुमचं रोजचं बारीकसारीक ज्ञान ही त्या माणसांसाठी सगळ्यांत उपयोगी भेट. कोणाला कॉफीत दूध आधी लागतं, कोण डाव्या बाजूने बोललेलं ऐकतं, कोणत्या बाईंना अंघोळीला नेताना टॉवेल आधी गरम लागतो. हे सगळं एका पानावर लिहून टीमकडे द्या. तुमच्या जागी येणारा स्वयंसेवक सप्टेंबरमध्ये उभा राहील तेव्हा त्याला हे कुणीच सांगणार नसतं. ते पान वॉर्डाच्या फाइलमध्येच राहू द्या, फोटो काढून घरी नेऊ नका.

जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देणं अशुभ मानतात. कुणाचा वाढदिवस तुम्ही गेल्यानंतर असेल तर कार्ड लिहा, पण सहकाऱ्याच्या हाती ठेवा. त्या दिवशीच पोचू द्या. कार्डात ज्यांना 'झी' (अहो-जाहो) म्हणत आलात त्यांना 'झी'च, शेवटच्या दिवशी 'डू' (अरे-तुरे) होत नाही.

५. आउसश्टांड: खाऊ जाणाऱ्याने आणायचा

आपल्याकडे ऑफिस निरोप देतं. इथे निघणारा माणूस सगळ्यांना खाऊ घालतो, त्याला आउसश्टांड म्हणतात. टीमकडूनही कार्ड, फुलं, काहीतरी येईल, पण टेबल तुम्ही मांडायचं. वाट बघत बसलात तर काहीच होणार नाही, आणि नंतर दोन्हीकडे थोडी खंत राहील.

वेळ निवडा ती पाळी बदलायची, दुपारी साधारण एक ते दोनच्या मध्ये. तेव्हा सकाळपाळी आणि दुपारपाळी दोन्ही हजर असतात. रात्रपाळीच्या लोकांना सगळेच विसरतात. त्यांच्यासाठी एक डबा झाकून, वर नावाची चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवा. ड्युटीवर सेक्ट, म्हणजे फेसाळती वाइन, चालेल का हे आधी विचारा, बहुतेक संस्थांत चालत नाही.

काय करायचं? आल्टनहाइममध्ये शंकरपाळी आणि चिवडा नको. कवळ्या असतात, शेंगदाणे घशात अडकतात. लाडूही कोरडा पडतो. शिरा मात्र जमतो, कारण दुधात शिजवलेली रव्याची खीर या पिढीने लहानपणी खाल्लेली असते. साधारण २५ छोट्या वाट्यांसाठी:

- वाइखवाइत्सनग्रीस, म्हणजे मऊ गव्हाचा रवा, ५०० ग्रॅम. पिवळसर हार्टवाइत्सनग्रीस घेऊ नका, तो पास्त्याचा. शिरा चरचरीत राहतो
- बुटरश्माल्त्स २५० ग्रॅम. हे आपलं तूपच, बटरच्या शेल्फजवळ असतं
- साखर ३५० ते ४०० ग्रॅम
- दूध आणि पाणी अर्धं अर्धं, मिळून पावणेदोन लिटर, उकळतं
- वेलची, चिमूटभर केशर

काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते. रवा मध्यम आचेवर भाजा आणि रंग धरायच्या जरा आधीच भांडं बाजूला घ्या, नाहीतर तळाला करपतो. नेईपर्यंत शिरा गार होऊन घट्ट बसतो, म्हणून पाव लिटर गरम दूध वेगळं ठेवा आणि वॉर्डाच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना थोडं थोडं मिसळा. काजू-बदाम आत घालू नका, वेगळ्या वाटीत ठेवा.

भांड्यापुढे चिठ्ठी हवी: गहू, दूध, आणि वाटीपुढे सुक्यामेव्याचं नाव. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना स्वतःहून एक चमचाही भरवायचा नाही; आधी परिचारिकेला विचारायचं. मधुमेहींचंही तेच. किटात नियम आणखी कडक: सुकामेवा अजिबात नाही, कच्चं अंडं नाही, क्रीम नाही, आणि काही ठिकाणी घरचं काहीच चालत नाही, पाकीटबंदच. आठवडाभर आधी विचारा.

६. पाकिटं, भेटी आणि फोटो

शेवटच्या दिवशी एखाद्या आजी हातात पाकीट कोंबतात. आत ५० किंवा १०० युरो. आपल्याकडे मोठ्यांनी दिलेलं नाकारणं उद्धटपणा, पण इथे घ्यायचं नाही. सेवागृहात राहणाऱ्यांकडून कर्मचाऱ्यांनी पैसे किंवा मोठ्या भेटी घेण्यावर कायद्याने बंदी आहे, आणि सेवागृहाच्या नियमांत स्वयंसेवकही येतात. चॉकलेट, फुलं, हाताने विणलेले मोजे चालतात. आजी ऐकतच नसतील तर पाकीट तसंच वॉर्डप्रमुखांकडे न्या, त्यांच्यासमोर उघडा, नोंद करा. ते नातेवाइकांशी बोलतील. खिशात घालून 'नंतर सांगू' हा सगळ्यांत वाईट मार्ग. महिन्याभराने मुलगा बँकेचा हिशोब बघतो आणि चौकशी सुरू होते, तीही तुम्ही देशाबाहेर असताना.

फोटोंबाबत वर्षभर जे पाळलं ते आताही. मुलांसाठी पालकांची, ज्यांचे कायदेशीर काळजीवाहक नेमले आहेत त्यांच्यासाठी त्या काळजीवाहकांची लेखी परवानगी लागते. इन्स्टाग्रामवर 'माझ्या लाडक्या आजी' म्हणून चेहरा टाकणं सेवा संपल्यावरही नियमभंगच. गुप्ततेचं बंधन करार संपल्यावर संपत नाही. आठवण हवी तर बागेचा, रिकाम्या टेबलाचा, पत्त्यांच्या डावाचा फोटो घ्या.

स्वतःचा फोन नंबर रहिवाशांना वाटू नका. संस्थेचा पत्ता, वॉर्डाच्या नावासकट, लिहून घ्या आणि दिवाळीला तिथे एक पोस्टकार्ड पाठवा. ते सूचनाफलकावर लागतं आणि सगळे वाचतात.

७. शेवटचा आठवडा: अबमेल्डुंग आणि त्यामागची रांग

अबमेल्डुंग म्हणजे जर्मनीतला पत्ता रद्द करणं. घर सोडण्याच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी आणि सोडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत करायचं असतं. मोठ्या शहरांत भेटीची वेळ आठवडेच्या आठवडे मिळत नाही, पण बहुतेक ठिकाणी सही केलेला अर्ज आणि पासपोर्टची प्रत पोस्टानेही चालते. पुढचा पत्ता म्हणून भारतातला पत्ता लिहा. मिळणारा शिक्क्याचा कागद फुकट आहे आणि तो नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. स्कॅन करा, पाच प्रती काढा.

पहिली प्रत क्रांकेनकासेला. हा सगळ्यांत महागडा सापळा. सेवा संपल्यावर तुम्ही देश सोडल्याचं त्यांना कळलं नाही तर कायद्यानुसार सदस्यत्व स्वेच्छा विमा म्हणून आपोआप चालू राहतं आणि महिन्याला २०० युरोंहून जास्त हप्ता चढत जातो. पत्रं जुन्या पत्त्यावर जातात, तुम्हाला कळत नाही. पुढे आउसबिल्डुंगसाठी परत आलात की थकबाकी पुढ्यात. प्रत पाठवा आणि सदस्यत्व संपल्याचं उत्तर लेखी मागा.

दुसरी प्रत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीसाठी, ती तुमच्या नावावर असेल तर. ही घरटी एकच असते. एकत्र राहणाऱ्यांपैकी दुसरं कुणी ती आपल्या नावावर घेतंय का ते बघा. नुसते पैसे थांबवले तर वर्गणी बंद होत नाही, साचत जाते. बाकीच्या प्रती बँक, मोबाइल कंपनी, आणि एक स्वतःजवळ.

टपालासाठी एखाद्या भरवशाच्या माणसाचा जर्मन पत्ता घ्या आणि पोस्टात सहा महिन्यांचा पत्ताबदल लावा. एखादं थकबाकीचं पत्र आलंच तर फोटो काढून पाठवेल असं कुणीतरी तिथे हवं.

८. खोली

मालक फिरून बघतो तेव्हा आपल्या मंडळींच्या खोलीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात: ओट्यावर हळदीचे डाग, शेगडीवरच्या पंख्याच्या जाळीत फोडणीचं तेल, आणि न्हाणीच्या नळांवर चुन्याचा पांढरा थर. हळदीचा डाग साबणाने धुऊन ऊन लागेल असं ठेवा, उन्हाने तो फिका पडतो. ओट्याचा डाग जायला काही दिवस लागतात, म्हणून आधीच सुरू करा. जाळी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात रात्रभर. चुन्यावर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल, पण संगमरवरावर नको. फ्रीझर आदल्या दिवशी बंद करून वितळू द्या. भिंतीतली खिळ्यांची भोकं पांढऱ्या भरावाने बुजवा.

गादी, सायकल, टेबल द्यायला कुणी नसेल तर मोठा कचरा उचलायची वेळ नगरपालिकेकडून आठवडे आधी घ्यावी लागते. रस्त्यावर ठेवून गेलात तर दंड. रिकाम्या बाटल्या परत करा, एकेकीचे ८ ते २५ सेंट मिळतात.

खोली देताना कागदावर नोंद करून दोघांच्या सह्या: प्रत्येक खोलीची अवस्था, किती चाव्या दिल्या, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे, मीटरचा फोटो. अनामत परत करायला मालकाला काही महिने लागू शकतात, म्हणून खाते क्रमांक त्याच कागदावर लिहा.

९. कामाचा शेवटचा दिवस

परत करायचं: चावी किंवा चिप, नावाची पट्टी, कामाचे कपडे धुऊन, स्वयंसेवकाचं ओळखपत्र, ग्रंथालयाची पुस्तकं. प्रत्येकाची सही घ्या. चावी हरवली असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता लगेच सांगा. एका चावीमुळे इमारतीची सगळी कुलपं बदलावी लागू शकतात. त्सॉइग्निस हातात नसेल तर कधी आणि कुठल्या पत्त्यावर येईल ते ईमेलवर लिहून घ्या.

हातातल्या सामानात जायची फाइल, चेक-इनच्या बॅगेत नाही:

- पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड
- सेवेचा दाखला, त्सॉइग्निस, सेमिनारची प्रमाणपत्रं
- मूळ करार
- अबमेल्डुंगचा कागद
- विमा संपल्याचं पत्र
- ११ आकडी कर क्रमांक आणि सामाजिक विमा क्रमांक असलेली पत्रं; दोन्ही क्रमांक आयुष्यभर तेच राहतात, परत आलात तर लागतील
- भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र
- खोली दिल्याचा सहीचा कागद

निवृत्तिवेतनाचे पैसे परत मिळतात असं कुणीतरी हमखास सांगेल. एफएसजे-बीएफडीत ती वर्गणी पूर्ण संस्थेने भरलेली असते, तुमच्या खिशातून काही गेलेलं नसतं, त्यामुळे परत मागण्यासारखंही काही नसतं. अशा अर्जांसाठी पैसे मागणाऱ्या दलालांच्या नादी लागू नका. ते महिने तुमच्या नावावर नोंदलेले राहतात, तेवढा कागद जपा.

१०. परतल्यावर

बँक खातं पहिल्या दिवशी बंद करू नका. शेवटचा पॉकेटमनी, अनामत आणि विजेचा हिशोब आल्यावरच बंद करा. बँकेला भारतातला पत्ता कळवलेला असू द्या आणि खात्याला महिन्याचं शुल्क असेल तर तेवढी शिल्लक ठेवा. रद्द केलेल्या करारापोटी पैसे कापले गेले तर अशी वसुली आठ आठवड्यांच्या आत बँकेकडून परत फिरवता येते, म्हणून पहिले दोन महिने दर आठवड्याला स्टेटमेंट बघा. मात्र खरोखर देणं असलेली रक्कम फिरवू नका. ती वसुली एजन्सीकडे जाते आणि पुढे जर्मनीत भाड्याने घर घेताना आडवी येते.

सगळे हिशोब मिटले की खातं बंद करायचं सहीचं पत्र पाठवा आणि उरलेली रक्कम कुठल्या खात्यात पाठवायची ते त्यातच लिहा. भारतातल्या खात्यात घ्यायची असेल तर स्विफ्ट कोड आधी आपल्या शाखेतून विचारून घ्या, प्रत्येक शाखेला तो नसतो. बंद झाल्याचं पत्र आलं की मगच जर्मन सिम बंद करा.